टेपचं टोक

डुलूथला फेब्रुवारीत गॅरेज उघडायचं
तर आधी कुलपावर फुंकर मारावी लागते.
अकरा वर्षं मारली.
आत बॉबिनी, सुयांच्या पुड्या, रबरी पट्टे,
आणि केव्हाच बंद पडलेल्या शिवणयंत्रांचे दात.
हो, दातच म्हणतात त्यांना, कापड पुढे ढकलणारे.
मेलेल्या यंत्रांची कवळी विकतेस तू,
लाइल म्हणायचा.

ऑर्डर आली की फोन किणकिणायचा,
जेवताना, चर्चमध्ये,
एकदा लाइलच्या आईला मातीत ठेवताना.
त्या दिवशी सतरा बॉबिनी गेल्या, ओरेगनला.

मग लाइलची कंबर गेली.
डॉक्टरने चित्र काढून मणका दाखवला,
मला तो आमच्या फडताळासारखाच दिसला,
एक फळी सरकलेली.
तेव्हा आम्ही माल इंडियानाला दिला.
दिला म्हणजे, लेक देतात तसा.
कुणाकडे? असं पोस्टातल्या आर्लीननेही विचारलं,
आणि माणसं कशी आहेत?
मला काय माहीत. फोनवर बरी होती.

चार हजार एकशे साठ बारकोड चिकटवले,
माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांवरून,
कारण माझा सात आणि माझा एक
त्यांच्या यंत्राला वेगळा वाचता येत नाही.
लाइललाही कधी आला नाही.
ट्रक घेऊन आलेला सोमाली पोरगा
हातमोज्यात फुंकर घालत म्हणाला,
एवढंसं खोकं आणि एवढं जड,
दागिने आहेत का, बाई?
मी नको इतकी हसले.

आता उंटावरून शेळ्या हाकते.
उंटाचं भाडं महिन्याला,
शेळीमागे वेगळं,
आणि जी शेळी वर्षभर जागची हलली नाही तिचा दंड.
पितळी दात हलत नाहीत.
त्यांचं पत्र येतं:
परत पाठवू की टाकून देऊ?
परत पाठवायचे साठ सेंट, टाकायचे तीस.
इतका सरळ प्रश्न
मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

लाइल आता रात्री झोपतो. हे खरं.
पैसेही, सगळं वजा करून, थोडे जास्तच उरतात.
पण सहा वाजले की माझे हात
टेबलाखाली कात्री शोधायला जातात.
पोस्टात जाऊन एकच तिकीट घेतलं परवा,
आर्लीनने काचेतून मागे पाहिलं,
बाकीचं गाडीत आहे का म्हणून.

शेवटी मी आमच्याच दुकानातून
एक बॉबिन मागवली, बहिणीच्या नावावर,
पूर्ण किंमत भरून.
तिसऱ्या दिवशी आली.
बुटांच्या खोक्यात, हवेच्या चार उशांमध्ये,
परक्या घरी पहिल्यांदा जेवायला बसलेल्या पोरीसारखी,
अंग चोरून.
आम्ही साध्या पाकिटात घालायचो,
पुठ्ठ्याचा तुकडा, आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी:
आधी तेल घाला.
चिठ्ठी नव्हती. करारात चिठ्ठीचे पंचवीस सेंट आहेत,
ते मीच खोडले होते.

एक सांगायचं राहिलं.
खोकं उघडायला टेपला नख लावलं
तर टेपचं टोक आधीच दुमडलेलं,
अर्धा बोटभर,
उघडणाऱ्याचं नख तुटू नये म्हणून.
मी अकरा वर्षं तसंच करत आले,
आणि लाइल म्हणायचा, फुकटचा वेळ जातो.
तिथे तर सेकंद मोजतात, ऐकलंय.

पावतीवर नाव नाही.
पॅकर, दोनशे अठरा.
लाइलला दाखवलं.
यंत्रात अडकून मुडपलं असेल, तो म्हणाला.
असेलही.

पाच तारे द्यायला गेले,
तर स्क्रीन विचारत होती:
विक्रेता कसा वाटला?
रकाना कोरा ठेवून मी बॉबिन यंत्रात बसवली.
तेल घालायला उठले,
तर घरात तेलाची एकही बाटली नाही.
सगळ्या इंडियानात.